आठ सरदार, एक तिजोरी

खाबुऱ्याहून बोलतोय. उन्हाळ्यात इथे शुक्रवारी दुपारी समुद्रावरही जाववत नाही. पडदे ओढायचे, एसी लावायचा आणि घरात बसायचं. आमच्याकडे अशा दुपारी ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ चालतो. गेम १९९९ चा. मी कॉलेजात खेळायचो, आता लेक खेळते.

मध्यंतरी ती साताऱ्याच्या आत्तेभावाशी खेळून हरली. रडवेली होऊन म्हणाली, “बाबा, माझ्याकडे सरदार जास्त होते, तरी कशी हरले?”

डाव उघडून बघितला. पहिल्याच आठवड्यात बाईसाहेबांनी चार जादा सरदार नेमले होते आणि फौज सगळ्यांत सारखी वाटली होती. भाऊबीजेच्या फराळासारखी! आत्तेभावाने एकेकाला गाठून गिळलं.

आता हिशेब ऐका, तुमच्याही घरी उपयोगी पडेल. एक सरदार २५०० मोहरांना पडतो. गावातला टाऊन हॉलही २५०० लाच. तो बांधला की रोजचं उत्पन्न ५०० वरून १००० होतं, म्हणजे पाच दिवसांत पैसे वसूल. पुढे सिटी हॉल ५००० ला, रोज २०००. मग कॅपिटॉल १०,००० ला, रोज ४०००. पण तो एकच बांधता येतो. प्रत्येक पायरी पाच दिवसांतच फिटते. माझ्या घराच्या हप्त्याला ही सोय असती तर!

म्हणून जादा सरदार नेमूच नयेत असं नाही. आठपर्यंत ठेवता येतात. पण लढणारा एक, बाकीचे हमाल. खाणी ताब्यात घ्यायच्या, आणि दर आठवड्याला गावात नवे शिपाई आले की ते मुख्य सरदारापर्यंत पोचवायचे. वाटेत टप्प्याटप्प्याने उभे केले तर फौज हातोहात एका दिवसात कितीतरी लांब जाते. हमालांबरोबर संथ प्राणी मात्र देऊ नका. सगळ्यांत हळू चालणाऱ्यावर सरदाराची चाल ठरते.

तेवढ्यात लेकीने विचारलं, “यांना रोज जेवायला नाही लागत?”

नाही लागत. शिपाई एकदा विकत घेतला की पुन्हा पैसा मागत नाही. गेममधली सगळ्यांत मोठी थाप हीच. मग तिला पानिपत सांगितलं. सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघाले. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, पण पैसा संपत आलेला. दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. दोआबातून वसुली आणि रसद पाठवायची होती गोविंदपंत बुंदेल्यांनी. डिसेंबरात ते मारले गेले आणि तीही वाट बंद झाली. १४ जानेवारी १७६१ ला छावणीतून बाहेर पडली ती उपाशी फौज.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे भाऊंचा रसद आणणाराच गेला.”

काल दुसरा डाव सुरू झालाय. पहिला आठवडा संपला तेव्हा तिच्याकडे दोनच जादा सरदार होते आणि सिटी हॉल उभा होता. आज सकाळपासून तीनदा फोन बघून झालाय. साताऱ्याची पाळी अजून संपलेली नाही.