समुपदेशनातला 'उपदेश' बाजूला ठेवून

मागचा भाग ऐकून परतूरकडच्या एका ताईंचा निरोप आला. "काउन्सेलिंग आणि सायकोथेरपी एकच का? माझ्या मालकांना नेमकं कुठलं लागेल?" आज त्यावरच बोलू.

आधी घरचं सांगतो. 2012-13चा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना जालन्यातल्या वाळलेल्या मोसंबीच्या बागा वेगळ्या सांगायला नकोत. अंबड तालुक्यात आमचीही बाग होती. टँकरनं पाणी घातलं, तरी शेवटी झाडं तोडून सरपण केलं. त्यानंतर अण्णांनी शेताकडं जाणंच सोडलं. दिवसभर ओसरीवर, भिंतीकडं तोंड करून पडलेले. येईल तो समजावून जायचा. 'धीर धरा', 'लेकरांकडं बघा'. सगळ्यात जास्त मीच बोललो असेन. अण्णा प्रत्येकाला 'हो' म्हणायचे आणि कूस बदलायचे.

'समुपदेशन' या शब्दातच 'उपदेश' बसलाय, ही मोठी पंचाईत आहे बघा. कारण तिथं उपदेश करायचाच नसतो.

ढोबळमानानं, समोर उभ्या असलेल्या अडचणीसाठी, म्हणजे कर्ज, परीक्षा, घरातला तंटा, यासाठी थोड्या दिवसांचं ते समुपदेशन. दुखणं खोल गेलं असेल तर ठरावीक पद्धतीनं, जास्त दिवस चालतो तो मानसोपचार. मधली रेषा काही बांधासारखी पक्की नाही. गोळ्या मात्र डॉक्टरच लिहून देतात.

मानसोपचारातही घराणी आहेत. फ्रॉइडच्या वाटेनं जाणारे बालपणात, जुन्या जखमांत शिरतात. कार्ल रॉजर्सचा भर ऐकून घेण्यावर. माणसाला न तोलता ऐकलं की तो स्वतःची वाट शोधतो, असं त्यांचं म्हणणं. अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेली पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून. ती विचाराला हात घालते. 'बाग गेली' ही घटना. 'बाग गेली म्हणजे मी कुचकामी' हा आपण त्याला जोडलेला विचार. तो तपासायचा.

अण्णांना मात्र तेव्हा विचार तपासण्याचंही त्राण नव्हतं. त्यांच्या समुपदेशकानं वेगळंच विचारलं. "पूर्वी सकाळी उठून पहिलं काय करायचा?"

"बैलांना पाणी दाखवायचो."

"आता बैल आहेत?"

"इकले. म्हैस हाय."

"मग उद्या तिला पाणी दाखवा, आणि पुढच्या वेळी मला सांगा."

मला तर हसूच आलं होतं. यासाठी एसटीनं एवढं यायचं? नंतर कळलं, ही रीतसर पद्धत आहे. मन लागेल मग काम करू, असं न म्हणता आधी छोटं काम, मन मागून येतं. गोव्यात 'संगथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच केलं. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी 6 ते 8 बैठका घेतल्या, आणि बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला. तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आलाय.

अण्णांना गोळ्याही चालू होत्या, त्यामुळं कशानं किती फरक पडला ते मी वेगळं काढून सांगू शकत नाही. महिना-दीड महिन्यानं ते बांधापर्यंत जाऊन आले, एवढं खरं. मधे आठवडाभर पुन्हा भिंतीकडं तोंड होतंच.

तर ताई, कुठलं घराणं ते तुम्ही ठरवायची गरज नाही. पण समोरच्याला विचारा, पद्धत कोणती, साधारण किती बैठका, फरक नाही पडला तर पुढं काय. आणि मालक 'जगून काय उपयोग' असं काही बोलत असतील, तर बैठकीची वाट बघू नका, त्यांना एकटं सोडू नका. 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, रात्रीसुद्धा, मराठीत बोलता येतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

ते यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा. पहिल्या खेपेला मीही एकटाच गेलो होतो. दुसऱ्या वेळी अण्णा आले, "तुझ्या समाधानासाठी येतो" म्हणत.