सुरतेच्या वखारीतून

सुरतेच्या लुटीची कथा आपण नेहमी शिवाजी महाराजांच्या छावणीतून ऐकतो. आज ती सावकाराच्या पेढीवर बसून ऐकू या.

५ जानेवारी १६६४. मराठी फौज गणदेवीला, म्हणजे जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर, आल्याची बातमी सुरतेत थडकली. शहराला धड तट नाही. सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार बादशहा औरंगजेबाकडून घेई, पण तेवढे शिपाई कधी पाळलेच नाहीत. तो किल्ल्यात शिरला. किल्लेदाराचे हात ओले करून बडे सावकारही आत गेले.

जीव आत गेला हो, माल कसा जाणार? सोनेनाणे एका रात्रीत हलवता येते. कापडाचे गठ्ठे, नीळ, मिरी यांना गाड्या लागतात, बैल लागतात, हमाल लागतात, आणि त्या दिवशी सगळा गावच पळत होता. वीरजी व्होरा हे त्या काळातले जगातल्या बड्या धनवंतांत गणले जाणारे नाव. हाजी झाहिद बेग, हाजी कासिम आणि वीरजी या तिघा बड्या व्यापाऱ्यांनी सुभेदारासह जातीने येऊन खंडणी ठरवावी, असा महाराजांचा निरोप होता. उत्तर गेले नाही. खंडणी परवडली असती, असे मला वाटते. वीरजीचा वाडा आणि वखारी लुटल्या गेल्या, जळाल्या. पुढे औरंगजेबाने व्यापाऱ्यांना वर्षभर जकात माफ केली.

ऑक्टोबर १६७० मध्ये मराठे परत आले. या खेपेस सुरतेत वखार असलेले इंग्रज शहाणे झाले होते. बराचसा माल त्यांनी आधीच सुवाळी बंदरावर नेऊन ठेवला होता.

यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण यात लूट नाही, नुसती आवई आहे. ‘मराठे आले’ एवढे कोणी ओरडले तरी सुरतेची दुकाने बंद होत. माल खरेदी करायला कोणी धजेना, उधार द्यायलाही. १६७२ मध्ये महाराजांचे पेशवे मोरोपंत यांनी जव्हार, रामनगर ही राज्ये घेतली आणि सुरतेकडे चार लाखांची मागणी गेली. तेव्हाच्या सुभेदाराने संरक्षणासाठी म्हणून व्यापाऱ्यांकडून पैसे गोळा केले आणि बहुतेक स्वतःच्याच खिशात घातले. याच सुमारास मुंबईच्या बेटावरचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड आँजिए सुरतेच्या वाण्यांना तिकडे येऊन राहण्याची बोलावणी धाडत होता.