दार उघडे, उंबरठा उंच



खासगी मालकीवाचून उत्पादन होऊच शकत नाही, हा भांडवलशाहीचा आवडता सिद्धान्त. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने तो व्यवहारात खोटा पाडला. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार परवान्यानेच सर्वांना मिळाला.

परंतु मालकी सामूहिक झाली म्हणून समता आपोआप अवतरत नाही. नवख्याने प्रश्न विचारताच ‘आधी पुस्तिका वाचा’ म्हणून झिडकारायचे, चूक झाली की चारचौघांत पाणउतारा करायचा, ही या क्षेत्रातील अनेक गटांची रीत होऊन बसली. ‘येथे केवळ गुणवत्ता चालते’ हे तिचे समर्थन. पण ज्याला फावला वेळ आहे, घरी संगणक आहे आणि इंग्रजी अवगत आहे, त्याचीच गुणवत्ता आधी दिसते, हे सोयीस्करपणे विसरले गेले. ‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द रूढ झाला तो ब्रिटिश मजूर पक्षाचे विचारवंत मायकेल यंग यांच्या १९५८ च्या पुस्तकामुळे, आणि तोही उपहास म्हणून! उपहास विरला, बिरुद तेवढे उरले.

या सोवळेपणाचे फळ काय? २००६ मध्ये ‘ग्नोम’ प्रकल्पाकडे विद्यार्थ्यांच्या उन्हाळी कार्यक्रमासाठी १८१ अर्ज आले. त्यांत एकही स्त्रीचा नव्हता. म्हणजे लायक स्त्रियाच नव्हत्या काय? त्याच वर्षी स्त्रियांना आवर्जून बोलावणारा स्वतंत्र उपक्रम निघाला आणि अर्ज आले. उणीव गुणवत्तेची नव्हती, निमंत्रणाची होती.

दर्जा राखायचा तर कठोर व्हावेच लागते, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. असंख्य यंत्रांवर चालणारी आज्ञावली ढिलाईने स्वीकारता येत नाही. मात्र कठोरपणा कामाच्या परीक्षणात हवा. तो माणसाच्या अवहेलनेत कशाला? सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द टॉरवल्ड्स यांनी आपल्या उद्धट भाषेबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही काळ काम थांबवले, आणि लिनक्सच्या गाभ्याने नवी आचारसंहिता स्वीकारली. त्यामुळे लिनक्स कोसळले नाही. ‘डेबियन’ने तर १९९८ मध्येच घटना स्वीकारली, तिचा प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. ‘पायथन’चे जनक ग्विडो व्हान रॉसम २०१८ मध्ये सर्वाधिकारापासून दूर झाले व २०१९ पासून पाच जणांचे निर्वाचित मंडळ कारभार पाहू लागले.

समाजवादी कार्यकर्त्यांनी हा इतिहास दुसऱ्याचा म्हणून वाचू नये. अभ्यासशिबिरात प्रथमच आलेल्या मुलीने भाबडा प्रश्न विचारला की जुनी मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. ती मुलगी पुढच्या शिबिराला येत नाही, आणि मग तरुण चळवळीत का येत नाहीत, यावर परिसंवाद भरतात. त्या परिसंवादापूर्वी तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.