बृहदीश्वराची सावली



तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. गाइड सांगतात, सहलीहून परतलेली माणसं सांगतात, आणि मग त्यावरून वाद रंगतो. कुणी म्हणतं, चोळांच्या शिल्पींना प्रकाशाचं काही गुपित ठाऊक होतं. कुणी म्हणतं, या सगळ्या भाकडकथा. मला या वादाबद्दल मनापासून आस्था आहे, कारण त्याचा निकाल लावायला जे काही लागतं ते सगळं देवळाच्या आवारातच आहे: ऊन, भिंत आणि मोकळी जागा.

हिशेब करून पाहू. गाभाऱ्यावरच्या मनोऱ्याला, म्हणजे विमानाला, साधारण ६० मीटर उंची आहे. पाया चौरस, बाजू सुमारे ३० मीटर. म्हणजे कळसाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून भिंत १५ मीटरांवर. तंजावर विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास पावणेअकरा अंशांवर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी तिथला सूर्य माथ्यापासून ३४ अंश दक्षिणेला कललेला असतो. तेव्हा कळसाची सावली उत्तरेकडे ४० मीटर जाते. त्यातले १५ मीटर इमारतीवरच संपतात आणि उरलेली २५ मीटर सावली आवारात स्वच्छ पडते. सकाळ-संध्याकाळची सावली तर बाराही महिने लांबच लांब पसरते.

आता उन्हाळ्याचं पाहा. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला सूर्य इतका वर असतो, की कळसाची सावली पायाच्या बाहेर येतच नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तो जवळपास थेट माथ्यावर येतो. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत, ऐन दुपारी देवळात गेलेल्या माणसाने जे पाहिलं ते खरंच होतं. एका वेळचं पाहणं त्याने वर्षभराला लावलं, एवढीच चूक. अशा माणसाला वेड्यात काढून काय मिळणार? त्याला डिसेंबरात पुन्हा तिथे न्यावं. त्याच्या डोळ्यांवर आपला विश्वास आहे, हे त्याला कळलं पाहिजे.

दुसरा वाद दगडाचा. शिखरावरचा घुमट ८० टनांचा एकसंध दगड आहे आणि तो सहा किलोमीटर लांबीचा मातीचा उतार रचून वर चढवला, असं सांगतात. मग कुणी परग्रहावरच्या पाहुण्यांना बोलावतो, कुणी आवाजाच्या लहरींनी दगड उचलला म्हणतो. वास्तूचा बारकाईने अभ्यास केलेल्या मंडळींनी हा घुमट अनेक दगड जोडून केल्याचं सांगितलं आहे. तेवढं कळलं, की ८० टन एकदम उचलायचा प्रश्नच उरत नाही. उरतो तो खरा प्रश्न, आणि तो मला जास्त थरारक वाटतो: ज्या गावाच्या आसपास ग्रॅनाइट नाही, तिथे मैलोन् मैल दगड वाहून आणून, इतक्या उंचीवर, चुन्याशिवाय एकावर एक बसवून, ही माणसं काम पुरं कसं करत होती?

त्या माणसांबद्दल भिंतीच बोलतात. हे देऊळ बांधवून घेणाऱ्या राजराज चोळाने आपलं दान, आपल्या थोरल्या बहिणीचं, राण्यांचं आणि इतरांचं दान दगडावर कोरून ठेवायला सांगितलं होतं. इ. स. १०१० मध्ये, त्याच्या राज्याच्या पंचविसाव्या वर्षी, २७५व्या दिवशी, त्याने कळसासाठी तांब्याचा कुंभ दिला; त्याच्या तांब्याचं वजन आणि वरच्या सोन्याचं वजनही तिथे नोंदलेलं आहे. देवळात नेमलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत, प्रत्येक जण कुठल्या देवळातून आली आणि तिला कुठल्या आळीत कितवं घर दिलं, यासकट. मुख्य स्थपतीचं नाव कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. परग्रहवाल्यांच्या गोष्टीवर माझा राग आहे तो यासाठी. त्या गोष्टीत या स्थपतीला जागाच नाही.

विमानाच्या उत्तर अंगाला गोल टोपी घातलेल्या गोऱ्या माणसाची एक आकृती आहे. चोळांना युरोपियन येणार हे आधीच दिसलं होतं, असा तिचा अर्थ लावतात. पण वरच्या चुन्याच्या मूर्तींची डागडुजी पुढच्या शतकांतही होत राहिली, आणि १६२०मध्ये तंजावरचा राजा रघुनाथ नायक याने डेन्मार्कच्या लोकांना किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला वखार घालू दिली होती. टोपीवाला तेव्हा तंजावरकरांना अनोळखी राहिला नव्हता.

याच देवळाच्या भिंतीवर १८०३मध्ये कोरलेला, तंजावरवर पुढे राज्य केलेल्या भोसले घराण्याचा इतिहास मराठीत आहे. तो कोरवून घेणारे सरफोजीराजे दुसरे, १७९८मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, राजाच्या ताब्यात जवळपास किल्लाच उरला. त्या किल्ल्यात त्यांनी धन्वंतरी महाल चालवला. सिद्ध, आयुर्वेद, युनानी, विलायती, सगळ्या पद्धतींच्या औषधांना तिथे जागा होती. एका पंथाचा वैद्य दुसऱ्याला भोंदू म्हणायचा तो काळ, आणि आजही फारसं वेगळं नाही. राजांनी नोंदी ठेवल्या. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं, रोगाची अवस्था, केलेले उपचार आणि डोळ्यांची चित्रं, असे कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. अनुभवाला उतरलेल्या औषधांचे तमिळ पद्यग्रंथ तयार करवले. १८२६मध्ये इंग्रज बिशप हेबर त्यांना भेटला, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांचे दाखले हा राजा सहज देतो, याचं त्याला नवल वाटलं.

सरफोजींचं एक मराठी नाटक आहे, ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी म्हणजे डोंगरातून येणारी, हात पाहून भविष्य सांगणारी बाई. तमिळ मुलखात अशा नाटकांची मोठी परंपरा. त्यांत ती नायिकेला प्रियकर कधी भेटेल ते सांगते. सरफोजींनी तिच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल घातला. खंड, देश, समुद्र, सगळं पदांमधून. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्या देशांची नावंही आधी ऐकली नसतील, आणि ज्याला शंका येईल त्याच्यासाठी राजांच्या संग्रहात नकाशे होते.