शिक्षा परत येते तेव्हा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. सल्लाकेंद्र उघडायच्या आधीच एक बाई पायरीवर येऊन बसल्या होत्या. हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. त्यांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्याला शिक्षा झाली आहे, त्याचं अपील हायकोर्टात आहे. बातमी त्यांच्या केसची नव्हती, नागपूरच्या दुसऱ्याच केसची होती. तरी त्यांनी विचारलं, "ताई, फाशी झालेल्याची केस सुप्रीम कोर्टानं परत उघडली म्हणे. मग आमचा पण सुटणार का?"

त्यांना जे सांगितलं तेच आज जरा सविस्तर सांगणार आहे. कारण हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकीला कधी ना कधी विचारला जाणार आहे, आणि "कायद्याचं असंच असतं" हे काही उत्तर नव्हे.

फौजदारी खटल्यात न्यायाधीशांना दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. याने गुन्हा केला का? आणि केला असेल तर शिक्षा कोणती? वरचं कोर्ट जेव्हा फक्त शिक्षा फेरविचारासाठी परत पाठवतं, तेव्हा पहिल्या उत्तराला हात लावलेला नसतो. माणूस दोषीच राहतो, तुरुंगातच राहतो. फक्त दुसरा प्रश्न नव्याने विचारला जातो. हा फरक समजला नाही की "फाशी रद्द" या दोन शब्दांनी एखाद्या आईची झोप उडते.

आता प्रश्न असा की कोर्ट असं का करतं? काही वेळा मधल्या काळात कायदा बदललेला असतो म्हणून. बदल संसदेने केलेला असेल किंवा सुप्रीम कोर्टाच्या निकालाने झालेला असेल. इथे एक मूळ नियम लक्षात ठेवा. घटनेच्या कलम २० प्रमाणे, गुन्हा घडला त्या दिवशी जेवढी शिक्षा कायद्यात होती, त्याहून जास्त देता येत नाही. सामूहिक बलात्काराची किमान शिक्षा २०१३ साली वीस वर्षं झाली, पण २०१० सालच्या गुन्ह्याला ती लावता येणार नाही. उलट, बदल आरोपीला सवलत देणारा असेल तर तो चालू अपिलातही लागू होऊ शकतो.

याचं जुनं उदाहरण म्हणजे १९६४ सालचा रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल. सोळा वर्षांच्या मुलाने एका घरात शिरून सात वर्षांच्या मुलीचा विनयभंग केला. त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्यानंतर परिवीक्षा कायदा, म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवण्याचा कायदा, त्या जिल्ह्याला लागू झाला. सुप्रीम कोर्टाने बहुमताने म्हटलं की अपिलात याचा फायदा देता येतो, आणि हायकोर्टाला सांगितलं की तसा आदेश करा किंवा प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवा. खरं सांगते, हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला होता. सगळी चर्चा त्या मुलाच्या वयाची. त्या सात वर्षांच्या मुलीचं काय झालं, ते कोणी विचारायचं?

पुढचा मोठा बदल १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केला. ती १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. तिच्या कलम २३५(२) ने सांगितलं की दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं ऐकायचं आणि मगच शिक्षा द्यायची. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम २५८(२) मध्ये आहे. पण कायद्यात आलं म्हणून कोर्टात आलं असं होत नाही, हे आपल्याला हुंड्याच्या कायद्याने पुरतं शिकवलंय. संता सिंग नावाच्या आरोपीला दुहेरी खुनासाठी सत्र न्यायालयाने ही सुनावणी न घेताच फाशी दिली. १९७६ साली सुप्रीम कोर्टाने दोष कायम ठेवला, फाशी बाजूला ठेवली आणि शिक्षेवर ऐकून घेण्यासाठी खटला परत पाठवला. ऐकणं म्हणजे वकिलाची दोन वाक्यं नव्हेत, तर त्या माणसाचं घर, शिक्षण, परिस्थिती यांबद्दलची माहिती आणि पुरावा पुढे ठेवण्याची संधी, असं कोर्टाने बजावलं.

पुढच्याच वर्षी आपल्या परभणी जिल्ह्यातलं मानवत हत्याकांड सुप्रीम कोर्टापुढे आलं. बळी बायका आणि लहान मुली होत्या. दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात कोर्टाने म्हटलं की सुनावणी राहून गेली म्हणून प्रत्येक वेळी खटला खालीच पाठवला पाहिजे असं नाही. वरचं कोर्ट स्वतः ती संधी देऊ शकतं. पीडितांच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे, कारण खाली-वर करण्यात वर्षं जातात.

आता त्या बाईंच्या हातातल्या बातमीकडे येते. २००८ साली नागपुरात चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपी वसंता दुपारे याची फाशी सुप्रीम कोर्टाने २०१४ साली कायम केली, २०१७ साली पुनर्विचार अर्जही फेटाळला. मग २०२२ साली मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निकाल आला. फाशी देण्यापूर्वी आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक, पूर्वायुष्य यांची माहिती कोर्टाने मागवलीच पाहिजे, असं त्यात ठरलं. दुपारेच्या वेळी हे झालेलं नव्हतं. म्हणून २५ ऑगस्ट २०२५ रोजी कोर्टाने दोष तसाच ठेवून, शिक्षेपुरती सुनावणी सुप्रीम कोर्टातच पुन्हा व्हावी असा आदेश दिला. असा मार्ग सरसकट कोणालाही मोकळा नाही, हेही त्यात स्पष्ट केलं. म्हणजे सुटका नाही, माफी नाही.

आपण स्त्री-चळवळीतल्या बायकांनी यावर काय म्हणायचं? काहीजणी म्हणतील, आरोपीलाच किती संधी! मला हा राग समजतो. तरीही मी ही सुनावणी हवीच म्हणते. एक तर फाशी परत घेता येत नाही. आणि दुसरं, आरोपीच्या पिंजऱ्यात आपल्याही बायका उभ्या असतात. वर्षानुवर्षं मार खाल्लेली बाई एके दिवशी नवऱ्यावर हात उचलते. खुनाचं कलम लागलं तर जन्मठेपेच्या खाली येता येत नाही, पण सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली कमी-जास्त शिक्षेला बराच वाव असतो. तिथे तिचा मार, तिची उपासमार, तिची लेकरं हे सगळं शिक्षेच्या सुनावणीतच बोलता येतं. ते दार त्याच्यासाठी बंद करा म्हटलं, तर तिच्यासाठीही बंद होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. त्या दारातून पीडितेला आत कोण घेतं? २००९ च्या दुरुस्तीने पीडितेला अपिलाचा हक्क मिळाला. आरोपी सुटला, कमी गुन्ह्याखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर ती अपील करू शकते. पण शिक्षा कमी वाटली म्हणून तिला अपील करता येत नाही, ते फक्त सरकार करू शकतं. २०२२ साली लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पीडितांना प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडू द्या असं सांगितलं. पण तारीखच कळली नाही, तर ती म्हणणं मांडणार कधी?

म्हणून कामं आपलीच आहेत. शिक्षा परत आली की त्याच दिवशी घरी जाऊन सांगायचं: दोष कायम आहे, तो आतच आहे. सरकारी वकिलांना लेखी कळवून तारखा मागायच्या, तिचं म्हणणं लिहून द्यायचं, भरपाई राहिली असेल तर त्याच वेळी अर्ज करायचा. आणि आपली बाई आरोपी असेल, तर शिक्षेची वेळ येईपर्यंत थांबायचं नाही. दवाखान्याचे कागद, चौकीतल्या जुन्या तक्रारी, शेजारणींचं म्हणणं पहिल्या दिवसापासून गोळा करायचं.

त्या बाईंना मी एवढंच सांगितलं, "तो दोषी आहे हे त्या निकालाने बदललेलं नाही. तुमचं अपील वेगळं आहे. पुढच्या तारखेला आपण दोघी जाऊ." त्यांनी पेपर पिशवीत ठेवला आणि तारीख विचारली. मैत्रिणींनो, ती तारीख मलाही माहीत नव्हती. त्या दिवशी आधी ती शोधली.