लुसैलहून गावाकडे
(सिनेगॉगच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)





मी आपल्या समाजाचा नाही. मी आपला शेजारी आहे. रेवदंड्याजवळच्या एका वाडीत आमचे घर आहे, आणि कुंपणापलीकडचे घर आपल्यातल्या एका कुटुंबाचे. माझ्या लहानपणी त्या अंगणात घाण्याचा दगड होता, अजून आहे. ते कुटुंब माझ्या जन्माआधीच इस्राएलला गेले. जाताना घराची किल्ली माझ्या आजीच्या हातात देऊन गेले. आजीकडून ती आईकडे आली. आजचे माझे बोलणे त्या किल्लीपर्यंत पोहोचणार आहे. व्यवस्थापकांनी 'दोन शब्द बोला' असे सांगितले, पण मला भाषण करता येत नाही. मला वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करता येतात. म्हणून माझ्या घरी जे घडले तेवढेच सांगतो.

मी 2012 साली नोकरीसाठी कतारला गेलो. तिथे दोह्याच्या उत्तरेला समुद्राकाठी लुसैल नावाचे नवे शहर उभे राहत होते. क्षेत्र सुमारे 38 चौरस किलोमीटर. मी गेलो तेव्हा रेती, क्रेन आणि खांब एवढेच दिसे. पुढे 2019 साली तिथे मेट्रो पोहोचली, 1 जानेवारी 2022 रोजी ट्राम सुरू झाली, आणि जवळजवळ 89 हजार माणसे बसतील असे फुटबॉलचे मैदान उभे राहिले. इमारती थंड ठेवणाऱ्या यंत्रणेवर मी आधी मेकॅनिक आणि नंतर सुपरवायझर होतो. बायको-मुले पनवेलला भाड्याच्या जागेत आणि आई-बाबा गावी. दर महिन्याला पैसे पाठवले की आपले कर्तव्य झाले, असे मला वाटे. परदेशी गेलेल्या पुष्कळांना तसे वाटते. पैसे पाठवणे हे खोटे कर्तव्य नाही. घराचे पत्रे त्याच पैशातून बदलले.

ऑक्टोबर 2021 मध्ये बाबांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडले. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर वेळी चार तास. रेवदंड्याहून अलिबाग सतरा-अठरा किलोमीटर आहे, म्हणजे काही फार लांब नाही. पण डायलिसिस झालेल्या माणसाला परतीच्या वाटेवर मान धरवत नाही. त्या माणसाला एस.टी.त चढवून-उतरवून आणणारी आमची आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती.

मी तीन आठवड्यांच्या रजेवर आलो. दोहा ते मुंबई विमानाला सुमारे साडेतीन तास लागतात. मुंबईहून आमच्या अंगणात पोहोचायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. हातात फिस्टुला करायचा होता, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी शीर आणि रोहिणी जोडण्याची लहान शस्त्रक्रिया. त्यासाठी बाबांना मांडव्याहून रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्यावर नेले. ही बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली. मोटार थेट बोटीत चढते. आपल्यापैकी अनेकांनी गाव सोडले ते रेवसच्या लाँचने याच धक्क्यावर उतरून. बाबाही धक्का दिसल्यावर म्हणाले, "शेजारच्यांना पोचवायला मी इथवर आलो होतो."

रजा संपली आणि मी परत गेलो. इथे मला खरे बोलले पाहिजे. कंपनीने अडवले, असे मी लोकांना सांगत असे. ते खरे नव्हते. देश सोडताना मालकाची परवानगी लागण्याची अट बहुतेक कामगारांसाठी 2018 सालीच गेली होती. नोकरी सोडली असती तर दर पूर्ण वर्षामागे निदान तीन आठवड्यांच्या मूळ पगाराइतकी उपदानाची रक्कमही मिळाली असती. मला अडवले ते मीच. विश्वचषक तोंडावर होता, ओव्हरटाइम होता, आणि एवढे वर्ष काढले की मुलीच्या शिक्षणाची सोय होईल असा माझा हिशेब होता. हिशेब चुकीचाही नव्हता. पण त्या वर्षाची किंमत आईने मोजली. दर दोन दिवसांआड ती बाबांना घेऊन अलिबागला जात होती, आणि फोनवर मला "सगळं बरं आहे रे" म्हणत होती.

18 डिसेंबर 2022 रोजी लुसैलच्या मैदानावर अंतिम सामना झाला. अर्जेंटिनाने फ्रान्सला हरवले. मी त्या रात्री एका इमारतीच्या यंत्रखोलीत कामावर होतो. बाहेर आतषबाजी चालू असताना मी घरी फोन लावला. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती, तरी आईने पहिल्याच घंटीला उचलला. बाबांच्या पायात गोळे आले होते आणि ती पाय चेपत बसली होती. तिला मी विचारले, "रोज अशीच जागी असतेस का?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहिला. जानेवारी संपता संपता मी गावी होतो.

"मुलगा नोकरी सोडून आला" म्हणून लोकांनी माझे कौतुक केले. त्या कौतुकातला मोठा वाटा माझ्या पत्नीचा आहे. मी एकट्याने देश बदलला, पण बिऱ्हाड तिने हलवले. पनवेलची शाळेतली नोकरी तिने सोडली. मुलगी नववीत होती, तिच्या मैत्रिणी सुटल्या. ती महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. आजाऱ्याची सेवा म्हटली की ती सून करणार, असे आपल्याकडे न विचारताच ठरते. मीही विचारले नव्हते. गावी आल्यावर तिनेच सांगितले, "बाबांची आंघोळ, कपडे, रात्रीचं उठणं तुम्ही करायचं. पथ्याचं मी बघते." ही वाटणी झाली म्हणून घर टिकले.

त्या पथ्याने मला जेवढे शिकवले तेवढे कुठल्या कामाने शिकवले नाही. नारळाच्या वाडीत राहणाऱ्या माणसाला शहाळे बंद, कारण त्यात पोटॅशियम फार. केळी बंद. बटाटा भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायचे. सुकट, सुके बोंबील, लोणचे, पापड मिठामुळे बंद. दिवसाचे पाणी मापून. बाबा रात्री तांब्याकडे बघत बसत, आणि तांब्या लपवणारा मुलगा त्यांना वैरी वाटे. एकदा त्यांनी भांडे फेकले. दुसऱ्या दिवशी त्यांना लाज वाटली, मला त्याहून जास्त. नंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही रोजचे पाणी सकाळीच एका बाटलीत भरून त्यांच्या हाती देऊ लागलो. केव्हा प्यायचे ते त्यांनी ठरवायचे. भांडणे थांबली. पाणी तेवढेच होते, पण आता ते त्यांच्या ताब्यात होते.

फिस्टुलाच्या हातावर बोटे ठेवली की यंत्र चालू असल्यासारखी थरथर लागते. ती थांबली तर तातडीने दवाखाना गाठायचा. रोज सकाळी मी ती तपासत असे. बाबा म्हणत, "तुझा कॉम्प्रेसर चालू आहे ना?" आयुष्यभर यंत्रांवर हात ठेवले, पण बापाच्या हातावर असा रोज हात मी लहानपणानंतर प्रथमच ठेवत होतो.

आता त्या किल्लीकडे येतो. आमच्या घराला तीन उंच पायऱ्या, आणि संडास वाडीच्या मागच्या टोकाला. बाबांना रात्री तिथवर नेणे कठीण झाले. शेजारच्या मंडळींनी गावी येता यावे म्हणून आपले घर काही वर्षांपूर्वी दुरुस्त करून घेतले होते. ओटा बुटका, आणि गुडघे दुखतात म्हणून आतच बसायचा संडास. आईने लोदला काकींना फोन केला तो नुसते दुःख सांगायला. काकींनी विचारले, "किल्ली तुझ्याकडेच आहे ना? मग आजच उघड." मी भाड्याचा विषय काढला, तेव्हा त्या चिडल्या. "बंद घर वाळवी खाते. माणसं राहिली तर घर जगेल. भाडं कसलं मागतोस?"

बाबा शेवटचे सव्वा वर्ष त्या घरात राहिले. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागण्यापूर्वी, लोदहून काका फोन करत. पथ्य विचारत नसत, औषध सुचवत नसत. दोघे म्हातारे जुन्या गोष्टी काढत: कुणाची विहीर, कुणाचा बैल, कोण कुठल्या शाळेत नापास झाला. त्या अर्ध्या तासात मी आणि पत्नी समुद्रावर चक्कर मारून येत असू. आठवड्यातली आमची तेवढीच सुट्टी. काकांना हे कदाचित ठाऊक नसेल, म्हणून आज सर्वांसमोर सांगतो.

ऑगस्ट 2024 मध्ये बाबा त्याच घरात गेले. शेवटच्या आठवड्यांत डॉक्टरांनी स्पष्ट कल्पना दिली होती. बाबांनीही आधीच सांगून ठेवले होते: मुंबईला नेऊ नका, समुद्राचा आवाज ऐकू येईल असं ठेवा. बोलता येत होते तोवर त्यांनी हे सांगितले, आणि मी ते ऐकायला होतो. मी आणखी दोन वर्षे लुसैलमध्ये थांबलो असतो तर पैसे जास्त झाले असते. हे वाक्य मात्र मला ऐकायला मिळाले नसते.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. ज्याला परत येणे शक्य आहे त्याने आजारी माणूस बोलता-चालता आहे तोवर यावे. शेवटच्या दिवशी विमान पकडून काही हाती लागत नाही. येताना घरच्या बाईला विचारून यावे. सरकारी मदतीची चौकशी पहिल्याच आठवड्यात करावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसची सोय आहे, पण शिधापत्रिकेवरचे नाव बरोबर नसेल तर हेलपाटे पडतात. आमचे चार पडले. आणि उत्पन्न कमी होणार हे धरून चालावे. मी आज नागाव-अलिबागच्या हॉटेलांची यंत्रे दुरुस्त करतो. लुसैलच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात घर चालते. ओढ लागते, पण चालते.

आणि ज्यांना परत येणे शक्य नाही, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. आपल्यापैकी कित्येकांचे आई-वडील इथे गेले आणि आपण तिथे होता. ते दुःख मी जाणतो. तेरा महिने मीही तिथेच होतो. पण दूर राहणाऱ्याने एखादे काम पूर्णपणे आपल्या अंगावर घ्यावे. फोनवरून सल्ला देणारे आम्हाला पुष्कळ भेटले. एका घराने किल्ली दिली, आणि दर शुक्रवारी अर्धा तास दिला. लोदहून रेवदंड्यापर्यंत एवढे पोहोचू शकते, हे मी पाहिले आहे.

आई आता पुन्हा आमच्या घरी राहते. शेजारचे घर झाडून, लोटून, कुलूप लावून ठेवले आहे. काका-काकी आज समोर बसले आहेत. काकी, किल्ली आईच्या पदराला आहे. घर तयार आहे.