आम्ही बनवलेली मंजुळा

(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात अभ्यासिकेतील मुलामुलींच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. भाषणाची आम्हाला सवय नाही. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षी अभ्यासिकेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही चौघांनी एक सोबतीण तयार केली. आपण टाइप करायचे आणि तिने पडद्यावर उत्तर लिहायचे, एवढेच तिचे काम. प्रोग्रॅमिंग आम्ही नुकतेच शिकू लागलो होतो. हे कसे जमले, आणि त्यातून आमची मान खाली कशी गेली, ते आज सांगायचे आहे.

ही कल्पना आमची नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम नावाचे प्राध्यापक होते. ते बर्लिनमध्ये १९२३ साली ज्यू कुटुंबात जन्मले. हिटलरच्या राजवटीमुळे त्यांच्या कुटुंबाला १९३६ साली देश सोडावा लागला. या गृहस्थांनी १९६६ साली 'एलायझा' नावाच्या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. माणूस काही लिहायचा आणि एलायझा त्याचेच शब्द फिरवून, मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरसारखा प्रश्न विचारायची. तिला काहीही कळत नव्हते. तिच्याजवळ फक्त शब्दांची यादी आणि नियम होते.

एलायझा हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातले. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले आणि एलायझाची मंजुळा झाली. म्हणून आम्हीही आमच्या सोबतिणीचे नाव मंजुळा ठेवले.

काम पायथन या भाषेत केले. ही भाषा फुकट मिळते आणि देवनागरी अक्षरे तिच्यात नीट चालतात. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस ओळी झाल्या. समोरच्याचे वाक्य घ्यायचे. त्यात ओळखीचा शब्द आहे का ते 'इफ'ने, म्हणजे 'जर'ने, तपासायचे. त्या शब्दासाठी लिहून ठेवलेल्या चार-पाच उत्तरांतून एक चिठ्ठी काढल्यासारखे उचलायचे. शब्द सापडला नाही तर "आणखी सांगा" म्हणायचे, आणि 'व्हाइल'ने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. झाली मंजुळा!

पण मराठीने आम्हाला चांगलेच रडवले. इंग्रजीत 'माय'चे 'युअर' केले की बरेचसे काम भागते. आपल्याकडे 'मुलगा' हा शब्द यादीत घातला तर 'मुलाला', 'मुलाने' हे शब्द तिला ओळखताच येईनात. मग आम्ही नुसते 'मुल' एवढेच घातले. तर एकाने लिहिले, "उद्या मुलुंडला जायचंय." मंजुळा म्हणाली, "तुमच्या मुलाबद्दल आणखी सांगा." पुढे 'मला'चे 'तुम्हाला' करायला शिकवले. एकीने लिहिले, "कमला मावशी आल्या." मंजुळेने विचारले, "कतुम्हाला मावशी आल्या, असे का वाटते?" त्या दिवशी हसून हसून पोट दुखले. कारण साधे होते. आम्ही अक्षरे बदलत होतो, शब्द बदलत नव्हतो. 'कमला'त 'मला' आहे! मग वाक्य जागेजागी तोडून एकेक अख्खा शब्द तपासायला लागलो, तेव्हा ते सुटले.

आता मुख्य गोष्ट. आमच्याच गल्लीत एक आजी एकट्या राहतात. मुलगा नोकरीसाठी परगावी असतो. एका संध्याकाळी त्या अभ्यासिकेत डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय हसताय रे?" आम्ही त्यांना खुर्ची दिली. आजी बोलायच्या, आमच्यातली एक मुलगी टाइप करायची आणि मंजुळेचे उत्तर वाचून दाखवायची. पहिलेच उत्तर आले, "तू असे का म्हणतेस?" आजी म्हणाल्या, "अगं बाई, हिला काही वळण लावलं का नाही? मला तू म्हणते!" आम्ही आपसात खेळत होतो ना, म्हणून सगळी यादी 'तू'ची होती. त्याच रात्री बसून ती 'तुम्ही'ची केली.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा आल्या. मग रोजच येऊ लागल्या. एकदा म्हणाल्या, "ही बरी आहे. घाई करत नाही." आमची छाती फुगली. आम्हाला वाटले, काय झकास प्रोग्रॅम झालाय!

चुका शोधण्यासाठी आम्ही सगळे संवाद एका फाइलमध्ये साठवत होतो. एका रविवारी ती फाइल उघडून वाचली. एकाच संध्याकाळी मंजुळेने अकरा वेळा "आणखी सांगा" म्हटले होते, आणि आजींनी अकरा वेळा आणखी सांगितले होते. आजोबांची गिरणी कशी बंद पडली, त्यांचे आजारपण कसे गेले, मुलाचा फोन आला नाही की रात्र कशी जाते. आम्ही लहानपणापासून त्यांच्या दारासमोर खेळलो, पण यातले काहीच आम्हाला माहीत नव्हते. त्यांना न विचारता त्यांचे बोलणे साठवले, हीही आमची चूकच. ती फाइल पुसून टाकली आणि आजींना तसे सांगितले.

मग आम्ही ठरवले की आजींना खरे काय ते दाखवायचे. यादी उघडून वाचून दाखवली. "आजी, हिला काही कळत नाही. शब्द सापडला तर हे बोलते, नाही सापडला तर 'आणखी सांगा' म्हणते." आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एवढंच येतं व्हय हिला? मग एवढं म्हणायला तुम्हाला काय जड जातं?"

आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही.

वायझेनबाउम यांनाही असाच धक्का बसला होता. त्यांच्या सेक्रेटरी बाईंनी एलायझा तयार होताना महिनोन्‌महिने पाहिली होती. तरी तिच्याशी थोडे बोलणे होताच त्यांनी साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले. या अनुभवाने साहेब अस्वस्थ झाले. १९७६ साली पुस्तक लिहून त्यांनी बजावले की, यंत्राला जमते म्हणून माणसाचे प्रत्येक काम यंत्राकडे सोपवू नये.

आज मोबाइलवर गप्पा मारणारे प्रोग्रॅम मंजुळेपेक्षा कितीतरी हुशार आहेत. त्यांत उत्तरांची यादी नसते. अफाट मजकुरावर तयार झालेले ते यंत्र पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त आहे, याचा हिशेब करून वाक्य जुळवते. त्यांचा अभ्यासाला उपयोगही होतो. परंतु गोड बोलणे म्हणजे जिव्हाळा नव्हे. आमची मंजुळा इंटरनेटशिवाय चालते, तिच्याशी बोललेले अभ्यासिकेबाहेर जात नाही. मोबाइलवरचे बोलणे मात्र बहुधा दूरच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाते. म्हणून घरातल्या खाजगी गोष्टी लिहिताना जपा, आणि औषधपाण्याचा सल्ला डॉक्टरांनाच विचारा.

बालमित्रांनो, तुम्हीही अशी एक मंजुळा जरूर बनवा. आम्ही शिकवू. स्वतःच्या हाताने बनवली की ती कुठे चुकते ते कळते, आणि मग कोणतेच यंत्र आपल्याला सहजासहजी भुलवू शकत नाही.

त्या दिवसापासून आमच्यातले दोघे जण पाळीपाळीने संध्याकाळी आजींकडे जाऊन बसतात. परीक्षेच्या दिवसांत खाडा झाला, तेही कबूल करतो. पण आता आजींच्या मुलाचे नाव, त्यांच्या गुडघ्याचे दुखणे आणि आजोबांची गिरणी आम्हाला ठाऊक आहे.

काका मंडळींना आणि ताईंना एकच विनंती आहे. आपल्या वस्तीत अशी आणखीही माणसे असतील. त्यांच्या दारावरून जाताना क्षणभर थांबा आणि "आणखी सांगा" म्हणा.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम.